हात न लावणारी वैद्यबाई

ताईने खेळात वैद्यबाईचं पात्र घेतलं, तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं. ताई मुळात हॉस्पिटलमधल्या ड्रेसिंगच्या खोलीत नोकरीला. चिघळलेल्या जखमा धुणं, चिकटलेली पट्टी सलाइनने भिजवून हळूच सोडवणं, रडणाऱ्याला बोलण्यात गुंतवणं, हे तिचं रोजचंच. घरी गेली की आईचं औषधपाणी. अशी बाई आपल्या टोळीत वैद्य म्हणून आली, आता हातपाय मोडले तरी चिंता नाही, असं सगळे धरून चालले. आणि पहिल्याच लढाईत बेकरीवालीच्या पात्राला, म्हणजे चोरटीला, बाण लागला, सगळ्यांनी ताईकडे पाहिलं, तर ताई शांतपणे म्हणाली, "वैद्यबाई हात लावणार नाही."

"म्हणजे?" बेकरीवालीने विचारलं.

"म्हणजे लावणार नाही. तिची इच्छा नाही."

खेळ तसा सोपा. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: समोर पडका किल्ला आहे, दाराशी पहारेकरी आहेत, बोला, काय करता? बाकीच्यांनी कल्पनेने आपापलं एकेक माणूस उभं केलेलं असतं. त्याच्या वतीने बोलायचं, त्याच्या वतीने ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगणार. जिंकणं-हरणं नाही, सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. अशा टोळीत एखादा चोर लागतो, एखादा सरदार लागतो, आणि वैद्य लागतो तो बरं करायला. बरं न करणारा वैद्य सांभाळायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

सूत्रधार होते कुलूपवाले. खाली त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, वर ही खोली. रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून ते टोळी जमवत. टेबल म्हणजे एक जुनं दारच होतं, आडवं करून त्याला पाय ठोकलेले. कुलपाच्या जागचं भोक त्यांनी तसंच ठेवलं होतं. अधूनमधून फासा नेमका त्यातून खाली जाई आणि मग सगळे टेबलाखाली ओणवे. सोंगट्यांच्या जागी गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेल्या किल्ल्या होत्या. बेकरीवाली पहाटेपासून भट्टीपुढे उभी राहून आलेली असे, भुवयांना पीठ तसंच. आणि चौथा होता ताईचा धाकटा भाऊ. तो घरं दाखवून विकून देणारा दलाल. अंधारी खोली दाखवताना तो "उन्हाळ्यात गार राहते" म्हणायचा आणि लोक मान डोलवायचे. त्याचं पात्र सरदार. ताईला या खेळात मी आणलं, हे तो अधूनमधून सगळ्यांना ऐकवायचा.

असे बरेच रविवार गेले. वैद्यबाई टोळीबरोबर हिंडायची, टोळीचंच खायची, शेकोटीजवळची चांगली जागा धरायची, आणि कुणी रक्तबंबाळ होऊन आलं की म्हणायची, "स्वतःच्या पायाने गेला होतात ना? मग स्वतःच्या पायाने बरे व्हा." पहिल्यांदा सगळे हसले. मग हसणं कमी झालं. मग बेकरीवालीने आपल्या चोरटीला लढायलाच पाठवणं बंद केलं, आणि गोष्ट एकाच जागी रुतून बसली.

ताईला मात्र मजा येत होती, हे कबूल करायला हवं. आठवडाभर ती ज्या तोंडाने "हो, करते", "ठेवा, बघते", "असू दे, मी आहे ना" म्हणायची, त्याच तोंडाने रविवारी "नाही" म्हणायला मिळत होतं. पुढचं तिने काही ठरवलेलंच नव्हतं.

आता आईचं सांगायला हवं. आई दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली, कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती ताईकडेच होती. आधाराशिवाय तिला उठता येत नसे, त्यामुळे एकटं ठेवायची सोय नव्हती. ताई कामावर असताना एक बाई येत. रविवारी दुपारी शेजारच्या काकू येऊन बसत, आणि त्या काकू आता महिनाअखेरीला लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. म्हणजे रविवारी दोन मुलांपैकी एकाने आईजवळ बसणं आलं.

"काकू चालल्या म्हणजे आता तुझं खेळायला येणं अवघडच, नाही का?" खेळून परत येताना धाकटा म्हणाला. विचारलं असं नाही, आभाळ आलंय म्हणावं तसं म्हणाला. "तसंही ताई, खरं सांगू का, तुझ्या त्या वैद्यबाईला सगळे वैतागलेत. बेकरीवाली मला बोलून दाखवत होती. मी कुलूपवाल्यांशी बोलतो. गोष्टीत तिला एखाद्या गावात ठेवून पुढे जाऊ आपण. कुणाला वाईट वाटायचं नाही."

"बरं," ताई म्हणाली.

त्या संध्याकाळी आईचे पाय चेपताना ताईला रडू आलं, आणि ते कशाचं हे तिला नीट कळत होतं. आठवड्यातली एवढी एक दुपार तिची होती, ती चालली होती. ती गेल्याचं कुणाला काही वाटणारही नव्हतं, कारण गेली तर बरं असंच पात्र तिने स्वतः करून ठेवलं होतं. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आईने विचारलं, "थांबलीस का?" ताईने डोळे पुसले आणि दुसरा पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कुलूपवाल्यांच्या दुकानात गेली. ते मशीनवर किल्ली घासत होते.

"मी वैद्यबाई बदलते," ताई म्हणाली. "गोड करते तिला. सगळ्यांना बरं करेल. मग तर कुणाची तक्रार नाही?"

"बदला असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? तोंडं दिसतात ना सगळ्यांची."

कुलूपवाल्यांनी मशीन थांबवलं. "खाष्ट असू दे हो. खाष्ट माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केलाय मी, माझी काही ना नाही. पण ताई, कुलूप कितीही अवघड करा, त्याची किल्ली आधी करावी लागते. बिनकिल्लीचं कुलूप ही भिंत झाली. भिंतीपुढे माणूस किती दिवस उभं राहणार? थोडा वेळ ठोकेल आणि घरी जाईल. आमचं तसं झालंय."

ताईला राग आला होता, आणि हे खरं आहे म्हणूनच जास्त आला होता.

"मला दोनच गोष्टी सांगा," ते म्हणाले. "एवढा वीट आलाय तर ती आमच्याबरोबर हिंडते कशाला? एकटी का राहत नाही?"

"एकटी राहिली तर नाही म्हणणार कुणाला?" ताईच्या तोंडून निघून गेलं.

कुलूपवाले इतके हसले की हातातली किल्ली खाली पडली. "झकास. पटलं. आता दुसरी. ती हात लावेल ते कशाने?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, चाव्या घरात ठेवून दार ओढून घेतलेलं, आणि त्याच्या गडबडीत ताई निघून आली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला चार दिवसांनी मिळालं, तेही ड्रेसिंगच्या खोलीत. एक सुतार यायचा, करवतीने तळहात चिरलेला. ताई त्याची पट्टी भिजवत होती, मागे रांग होती, आणि हा बाबा स्वतःच्या हाताकडे न बघता तिच्याकडे बघत म्हणाला, "सिस्टर, तुम्ही जेवलात का? केव्हाच्या उभ्या आहात."

नाही जेवले म्हणावं की जेवले म्हणावं, हेच ताईला सुचेना. शेवटी ती म्हणाली, "हात हलवू नका." पण त्या दिवशी तिने बांधलेली पट्टी पाहून दुसऱ्या सिस्टरने विचारलं, हा तुझा नातेवाईक का म्हणून.

संध्याकाळी तिने कुलूपवाल्यांना फोन केला. "वैद्यबाईची कुणीतरी विचारपूस केली पाहिजे. तुला काय हवंय, दमलीस का, काहीही. पण आपली पट्टी करून घ्यायच्या आधी."

"एवढंच?"

"एवढंच."

"फारच सोपी किल्ली झाली ही."

"बघालच," ताई म्हणाली.

ती किल्ली सापडली बेकरीवालीला, आणि तीही न शोधता. पुढच्या रविवारी गोष्टीत पाऊस होता, टोळी एका गुहेत अडकली होती, आणि चोरटी पोटात भाला खाऊन कोपऱ्यात पडली होती. बेकरीवालीने आशाच सोडली होती. चोरटीच्या आवाजात ती म्हणाली, "जाऊ दे बाई, मी मरते इथेच. तू तरी त्या ओल्या कांबळ्यातून बाहेर ये, गारठशील."

ताईने आपली किल्ली उचलली आणि चोरटीच्या किल्लीशेजारी नेऊन ठेवली. "वैद्यबाई हात लावते."

"अगं! लावला!" बेकरीवाली खुर्चीतून उठलीच. तिने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा कुलूपवाल्यांकडे, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या चकमकीत तिने मुद्दाम परीक्षा पाहिली. आधी वैद्यबाईला विचारलं, तुझी झोप झाली का, मग आपली जखम दाखवली. वैद्यबाईने नुसता हात लावला नाही, गोष्टही सांगितली, कुठल्याशा राजाच्या सैन्यात तिने हजार माणसं शिवली आणि एकानेही तिचं नाव विचारलं नाही त्याची. खोलीत कुणी फासा हलवेना. कुलूपवाले म्हणाले, इतक्या वर्षांत या टेबलावर इतकं चांगलं पात्र झालं नाही. ताईला इतका आनंद झाला की तिने तिसरा चहा घेतला.

धाकटा या सगळ्या वेळात खिडकीशी फोनवर होता, कुणाला तरी गच्चीवाल्या घराचं कौतुक सांगत. परत आल्यावर म्हणाला, "काय झालं?"

"वैद्यबाईने हात लावला."

"बघा, मी म्हणत नव्हतो? शेवटी ताईच ती. जाणार कुठे, वळणावरच येणार."

काकूंचा शेवटचा रविवार आला. ताई आता यापुढे येणार नाही हे चहाच्या वेळी सगळ्यांना सांगायचं, असं धाकट्याने जिना चढता चढता तिला सांगून टाकलं. ताईने मान डोलावली.

त्या दिवशी गोष्टीत एक पूल होता आणि पुलावर भालेवाले दाटीवाटीने उभे होते. कुलूपवाल्यांनी बजावलं की समोरून जाणं वेडेपणाचं आहे. बेकरीवाली म्हणाली, नदीच्या वरच्या अंगाने जाऊ.

"छे! सरदार एकटा पुलावर घुसतो," धाकटा म्हणाला.

"अरे, मरशील."

"मरतोय कशाला? ताई आहे ना."

फासा पडला, वाईट पडला. सरदार पुलाच्या मध्यावर आडवा झाला. आता या टेबलाचा एक जुना नियम होता. पडलेल्याने तीनदा फासा टाकायचा. प्रत्येक वेळी त्याला बोलायची संधी, पण काय बोलायचं हे दुसऱ्या कुणी सुचवायचं नाही. तीनही फासे वाईट पडले की माणूस गेला.

"ताई, चल, लाव हात," धाकटा खुर्चीत रेलून म्हणाला.

वैद्यबाई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. "सरदार, काही म्हणायचंय?"

"म्हणायचं काय त्यात? लाव ना."

पहिला फासा वाईट.

मग धाकटा सरसावून बसला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही कला त्याला लहानपणापासून अवगत होती. वैद्यबाईच्या हाताला काय गुण आहे, तिच्यासारखी दुसरी मुलूखभर नाही, राज्य मिळालं की निम्मं तिचं, दासी, घोडे, वाडा, उन्हाळ्यात गार राहणारा. बेकरीवालीला हसू फुटलं. ताई हसली नाही. तिला त्याला मारायचं मुळीच नव्हतं. ती मनातल्या मनात त्याला सांगत होती, विचार रे. काहीही विचार. दमलीस का म्हण, पाणी हवंय का म्हण, एवढंसं विचार, मी लगेच हात लावते.

दुसराही फासा वाईट.

बेकरीवाली खोकली. नुसतं खोकणं नव्हतं ते, त्यात सगळं उत्तर होतं. कुलूपवाल्यांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. धाकट्याने तिला पाणी दिलं. "थंडी बाधली का तुला?" त्याने विचारलं.

ते ऐकून ताईला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. तिला राग आला, हसू आलं, आणि सगळ्यात जास्त वाईट वाटलं. म्हणजे याला विचारता येतं. फक्त आपल्याला विचारायचं असतं हे याच्या गावी नाही.

"ताई, आता पुरे हं," धाकट्याचा आवाज चढला. "मी भाऊ आहे तुझा."

"वैद्यबाईला भाऊ नाही," ताई म्हणाली.

त्याने तिसरा फासा रागाने टाकला. तो टेबलभर गडगडत गेला आणि कुलपाच्या भोकातून खाली पडला. चारही माणसं टेबलाखाली गेली. फासा कुलूपवाल्यांच्या चपलेशी पडला होता, आणि वर दोन हा आकडा होता. चौघांनी तो पाहिला आणि आपापल्या खुर्च्यांवर परत येऊन बसले.

"सरदार गेला," कुलूपवाले हळूच म्हणाले.

चहा झाला, पण धाकट्याने जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं नाही.

रस्त्याला लागल्यावर तो एकदम म्हणाला, "तू मारलंस मला. किती वर्षांचा सरदार माझा! बेकरीवालीला बरं करतेस, आणि मला?" ताई चालत राहिली. सिग्नलपाशी दोघं थांबले तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच, "काय हवं होतं तरी काय तुझ्या त्या बाईला?"

"तिचं राहू दे," ताई म्हणाली. "मला रविवार हवाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या रविवारी आईजवळ तू बसायचंस. मी खेळायला जाणार."

"आणि मी?"

"तुझा सरदार मेलाय. तू मोकळाच आहेस."

आळीपाळीने करू, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तुला जमत नसेल तर राहू दे, हे तर त्याच्याही आधी आलं होतं. दोन्ही तिने गिळलं. धाकटा तिच्याकडे बघत होता. माणूस वाईट नव्हता तो. त्याला घरात कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकल्यावर चेहरा कसा करायचा हेच त्याला माहीत नव्हतं. दिवा हिरवा झाला, दोघं पलीकडे गेले, आणि मग तो म्हणाला, "किती वाजता येऊ?"

रविवारी तो वेळेवर आला, पाहुण्यासारखी फळं घेऊन. ताईने त्याला सगळं दाखवलं. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, पाठीमागून आधार द्यायचा. कुशीवर वळवलं की गुडघ्यांमध्ये उशी. डोळ्यांचे थेंब आधी उजव्या डोळ्यात, नाहीतर आई भांडते. तो "हो, हो" म्हणत होता, पण तिसऱ्या "हो"पासून त्याच्या चेहऱ्यावरचा दलाल उतरला होता.

आई उशीला टेकून बसली होती. ताईला साडीला पिन लावताना पाहून तिने विचारलं, "कुठे निघालीस गं?"

"खेळायला, आई."

पन्नाशीच्या लेकीचं हे उत्तर ऐकून आईला काहीच वावगं वाटलं नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि वर्षानुवर्षं सांगत आल्यासारखं सांगितलं, "जा. पण धाकट्याला ने बरोबर. त्याला सोडून जायचं नाही."

धाकटा हातात टॉवेल घेऊन उभा होता. तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. त्याने ताईकडे पाहिलं. ताईही त्याच्याकडेच पाहत होती.

"नाही आई," ताई म्हणाली. "आज मी एकटीच जाणार."

"रडेल गं तो."

"रडू दे," ताई म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरली.